जुना शिकारी चाकू: तो शोधावा कसा आणि वापरावा की जपावा, हे ठरवावे कसे

जुन्या शिकारी चाकूचे सर्वांत मोठे नुकसान तो हाती आल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात होते, असा माझा अनुभव आहे. डाग दिसले म्हणून काचकागद फिरवला जातो, धार बोथट वाटली म्हणून पाते विजेच्या सहाणेवर धरले जाते, मूठ कोरडी दिसली म्हणून तिला स्वयंपाकघरातले तेल चोळले जाते, आणि मग कधीतरी त्या चाकूचे वय व मोल विचारण्याची आठवण होते. एका स्नेह्यांनी घरच्या पेटीत सापडलेला चाकू मला दाखवण्याआधी पॉलिशच्या चाकावर चकचकीत करून आणला होता. कारखान्याचा ठसा अर्धा पुसला गेला होता, पात्यावरची नक्षी पार गेली होती आणि तो कोणत्या दशकातला हे सांगण्याचा उत्तम पुरावा त्या चकाकीत हरवला होता. म्हणून या लेखातील पहिली सूचना अशी की वापरायचा की जपायचा हा निर्णय पक्का होईपर्यंत पात्याला घासणारी कोणतीही वस्तू लावू नये.

बाजारात ‘व्हिंटेज’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. येथे मी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून साधारण १९८० पर्यंत कारखान्यांत किंवा छोट्या कार्यशाळांत तयार झालेल्या, शिकारीतील प्राणी सोलणे, कापणे आणि रानातली इतर कामे यांसाठी बनवलेल्या चाकूंविषयी लिहीत आहे. समारंभाच्या कट्यारी, संगिनी आणि युद्धासाठी घडवलेली शस्त्रे यांचे निकष वेगळे असतात.

शोध कोठे घ्यावा

उत्तम चाकू पुष्कळदा चाकूंच्या दुकानात मिळत नाहीत. जुन्या घरातील सामान निघते तेव्हा हत्यारांच्या पेटीत, मासेमारीच्या साहित्यात, दिवंगत शिकाऱ्याच्या कपाटात ते पडून असतात, आणि विकणाऱ्याला त्यांचे महत्त्व ठाऊक नसते. जुन्या वस्तूंचे बाजार, लिलाव आणि संग्राहकांचे मेळावे ही त्यानंतरची ठिकाणे होत. जाणकार विक्रेत्याकडे पैसे जास्त पडतात, परंतु तो चाकू परत घेण्याची हमी देत असेल तर नवख्या माणसाने पहिला चाकू त्याच्याकडूनच घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन.

छायाचित्रावरून खरेदी करताना पात्याच्या दोन्ही बाजू, सरळ वरून दिसणारी पाठ, थेट समोरून दिसणारी धार, ठशाचा जवळून काढलेला फोटो आणि मुठीचे शेवटचे टोक ही दृश्ये मागून घ्यावीत आणि शेजारी मोजपट्टी ठेवायला सांगावे. धारेचा समोरून काढलेला फोटो कोणी स्वतःहून देत नाही, आणि नेमके तेथेच दोष लपलेले असतात. बोथट किंवा तुटलेली धार प्रकाश परत फेकते, त्यामुळे ती पांढऱ्या रेघेसारखी अथवा ठिपक्यांसारखी दिसते. चांगली धार जवळजवळ दिसतच नाही.

चाकू म्यानात अडकलेला असेल तर ओढू नये. जुन्या म्यानाची शिवण धारेने आतून कापलेली असते आणि जोर लावताच पाते शिवणीतून बाहेर येऊन बोटांवर बसते. म्यान नेहमी पाठीच्या बाजूने धरावे, तोंडाशी पातळ तेलाचे थोडे थेंब सोडावेत आणि एक-दोन दिवस थांबून हळूहळू हलवून पाहावे. मिटणारा चाकू गंजाने घट्ट झाला असेल तर त्याच्या खिळीतही तेल सोडून असेच थांबावे. पक्कडीने पाते उघडण्याच्या प्रयत्नात नख अडकवण्याची खाच फुटलेले अनेक चाकू बाजारात दिसतात.

वय ओळखण्याच्या खुणा

चाकू बाहेर आला की आधी त्याची छायाचित्रे घ्यावीत, पात्याची लांबी, रुंदी व पाठीची जाडी मोजून लिहून ठेवावी आणि मग ठसा वाचावा. ठसा बहुधा मुठीला लागून असलेल्या, धार न लावलेल्या सपाट भागावर असतो. तो धूसर असेल तर मऊ कापडाने धूळ पुसून विजेरीचा प्रकाश अगदी तिरका पाडावा. खोल गेलेली अक्षरे सावलीमुळे उठून दिसतात, आणि दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग या कामाला पुरते.

देशाचे नाव ही पहिली खूण होय. अमेरिकेत १८९० साली संमत झालेल्या मॅकिन्ली जकात कायद्यानुसार आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे १८९१ पासून बंधनकारक झाले, त्यामुळे त्या बाजारासाठी बनलेल्या चाकूवर ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असा शब्द असेल तर तो साधारणतः त्यानंतरचा मानावा. ‘पश्चिम जर्मनी’ असा उल्लेख असेल तर काळ १९४९ ते १९९० यांच्यामध्ये येतो. झोलिंगेन या शहराचे नाव जर्मनीने १९३८ च्या कायद्याने संरक्षित केले. तेव्हापासून त्या परिसरात तयार झालेल्या मालावरच ते नाव घालता येते. अर्थात नक्कल करणारा कायदा पाळतोच असे नाही.

काही कारखान्यांनी ठशातच तारखा सांकेतिक रूपात दडवून ठेवल्या आहेत. पेनसिल्व्हेनियातील केस कंपनीने १९७० साली ठशाखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि दर वर्षी एक ठिपका कमी केला, म्हणजे सात ठिपके असलेला चाकू १९७३ चा ठरतो. त्याआधीच्या ‘केस एक्सएक्स यू.एस.ए.’ या बिनठिपक्यांच्या ठशाचा काळ १९६५ ते १९६९ असा धरला जातो. झोलिंगेनच्या पूमा कंपनीच्या चाकूंवर १९६४ पासून आकडे कोरलेले असतात आणि त्यांवरून उत्पादनाचे वर्ष काढता येते. बक या अमेरिकन कंपनीचा मिटणारा ११० क्रमांकाचा चाकू १९६४ मध्ये आला, परंतु वर्ष दाखवणारी चिन्हे त्या कंपनीने १९८६ पासून वापरली. मिशिगनमधील ग्लॅडस्टोन येथील मार्बल या कारखान्याने १९११ साली आपले नाव बदलले, म्हणून ‘एम.एस.ए. को.’ ही जुन्या नावाची आद्याक्षरे असलेला चाकू त्या वर्षाच्या आधीचा किंवा फार तर आसपासचा असण्याची शक्यता मोठी असते.

ठसा नसेल तेव्हा वस्तूच साक्ष देते. कटलरीसाठी गंजरोधक पोलाद इंग्लंडमधील शेफील्डमध्ये १९१३ च्या सुमारास पुढे आले, त्यामुळे अशा पोलादाचे पाते असलेला चाकू एकोणिसाव्या शतकातला असूच शकत नाही. अधिक चिन्हाची खाच असलेला स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतरच बाजारात रुळला. खोक्यावरील अमेरिकन पत्त्यात पाच आकडी झिप क्रमांक असेल तर ते खोके १९६३ च्या आधीचे नाही. अशा खुणा नेमके वर्ष देत नाहीत, पण ‘याआधीचा नाही’ एवढे ठामपणे सांगतात, आणि विक्रेत्याची गोष्ट तपासायला तेवढे बरेचदा पुरेसे असते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. चुंबक चिकटले म्हणजे पाते साध्या कार्बन पोलादाचे, असे अनेक जण समजतात. चाकूसाठी वापरले जाणारे बहुतेक गंजरोधक पोलादही चुंबकाला चिकटते, त्यामुळे ही परीक्षा निरुपयोगी आहे. रंग अधिक विश्वासार्ह असतो. वापरलेल्या कार्बन पोलादावर करडा, निळसर, क्वचित जांभळट राप चढतो, तर साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असलेले पोलाद वर्षानुवर्षे पांढरेच राहते आणि बिघडले तर त्यावर सुटे टोचल्यासारखे ठिपके पडतात.

खरा की बनावट

नावाजलेल्या चाकूंच्या नकला होतात आणि त्याहून अधिक वेळा दोन मोडक्या चाकूंचा एक केला जातो. मला सर्वांत उपयोगी पडलेला प्रश्न असा: सगळ्या भागांचे वय एकसारखे दिसते का? हाताच्या वापराने मुठीचे जे उंचवटे झिजतात, तेथेच पितळही गुळगुळीत व्हायला हवे. पाते खड्ड्यांनी भरलेले आणि ठशाची अक्षरे मात्र काठांसकट टोकदार, असे असेल तर ठसा नंतर मारलेला असतो. उलटपक्षी पात्यावर कोठेही डाग नाही, पण ठसा पुसट आहे, तर पाते कधीतरी घासून पातळ केलेले आहे. रिव्हेटच्या भोवती गोल ओरखडे, मूठ आणि पाते यांच्या सांध्यात चमकणारा गोंद, म्यानावर पात्याच्या आकाराशी न जुळणारा दाब या गोष्टी पाहिल्या की मी किंमत विचारणे थांबवतो. जुने म्यान चाकूच्या आकाराचा ठसा स्वतःच्या अंगावर बाळगते, म्हणून म्यान आणि चाकू एकत्र वाढले की नाही ते लगेच कळते.

चाकूची प्रकृती

वापरायचा की नाही याचे खरे उत्तर येथे मिळते, म्हणून या तपासणीला घाई करू नये.

आधी पात्याची मूळ आकृती किती शिल्लक आहे ते पाहावे. त्याच नमुन्याच्या न वापरलेल्या चाकूचे चित्र मिळवून त्याच्याशी रुंदी ताडावी. वर्षानुवर्षे धार लावल्याने पाते अरुंद होते, टोकाकडचा गोलावा सपाट होतो आणि मुठीजवळ धारेला खोलगट बाक येतो. धार जसजशी पाठीकडे सरकते तसतशी ती जाड भागात येते, त्यामुळे पाते तासून पातळ केल्याशिवाय त्याला पूर्वीसारखी धार येत नाही. थोडी झीज म्हणजे दोष नव्हे, ती चाकूच्या कामाची नोंद आहे. परंतु पात्याची एक तृतीयांश रुंदी गेली असेल तर त्याचे कामाचे आयुष्य जवळजवळ संपले आहे असे मी मानतो.

त्यानंतर पाते डोळ्यासमोर धरून पाठीच्या रेषेने पाहावे. वाकडे पाते सरळ करण्याचा मोह टाळावा, कारण पाणी दिलेले, म्हणजे तापवून व निववून कठीण केलेले, पोलाद थंड असताना वाकवले तर तडकू शकते. भेगा बहुधा धारेपासून वर जाणाऱ्या बारीक काळ्या रेषेसारख्या किंवा पाते आणि टँग जेथे मिळतात त्या कोपऱ्यात दिसतात. टँग म्हणजे मुठीत शिरलेला पात्याचा भाग. ओरखडा आणि भेग यांत शंका असेल तर तेलाचा थेंब पसरून पुसून टाकावा आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहावे. भेगेतून तेलाची रेघ परत वर येते. भेग असलेला चाकू कामाला घेऊ नये. त्यात दुरुस्ती नाही.

गंजाचे दोन प्रकार वेगळे ओळखावेत. करडा-काळा राप घट्ट आणि गुळगुळीत असतो, बोटाला लागत नाही आणि पोलादाला काही प्रमाणात सांभाळतो. तांबूस गंज भुसभुशीत असतो, बोटाला लागतो, त्याच्याखाली पोलाद खाल्ले जाते आणि खड्डे पडत जातात. पात्याच्या सपाट भागावर खड्डे असतील तर चाकू दिसायला कुरूप होतो, पण काम देतो. तेच खड्डे धारेवर आले की तेथे धारेला दाते पडतात आणि प्रत्येक धार लावण्यात नवा खड्डा उघडा होऊ शकतो.

पात्याचे पाणी उतरले आहे का, हे पाहणेही तितकेच महत्त्वाचे आहे. कोणी विजेच्या सहाणेवर धार लावली असेल आणि पोलाद तापले असेल तर धारेच्या कडेला पिवळसर, तपकिरी किंवा निळा पट्टा दिसतो. फिकट पिवळा रंग साधारण २२० ते २३० अंश सेल्सियसला येतो आणि गडद निळा ३०० अंशांच्या आसपास. निळ्या पट्ट्यातले साधे कार्बन पोलाद मऊ झालेले असते आणि त्याची धार टिकत नाही. पट्टा अगदी अरुंद असेल तर हळूहळू हाताने घासून तो भाग काढून टाकता येतो. पण हे रंग पॉलिशने सहज पुसले जातात आणि मऊपणा मात्र राहतो, म्हणून अती चकचकीत पात्याविषयी मला नेहमी संशय येतो.

मूठ हा सर्वांत फसवा भाग आहे. टँग मुठीच्या पूर्ण आकाराचा असेल आणि दोन बाजूंना फळ्या रिव्हेटने बसवलेल्या असतील तर सगळे डोळ्यांना दिसते. टँग बारीक होऊन मुठीच्या आत दडलेला असेल, विशेषतः चामड्याच्या चकत्या एकावर एक रचून केलेल्या मुठीत, तर आत काय चालले आहे ते बाहेरून कळत नाही. चामडे ओल धरते आणि पोलाद आतून गंजत जाते. चकत्या आटून त्यांच्यात फटी पडल्या असतील, मूठ किंचित फिरत असेल, किंवा चाकू हलवताना खुळखुळ ऐकू येत असेल तर तो कामातून बाद समजावा, निदान जाणकाराने मूठ उघडून पाहेपर्यंत तरी. सांध्यापाशी धरून मुठीला हलकी टिचकी मारल्यास घट्ट चाकू स्वच्छ आवाज देतो आणि सैल चाकू भद्द वाजतो. ही ढोबळ परीक्षा आहे, तरी मी ती कधी चुकवत नाही.

मुठीच्या द्रव्यांपैकी सेल्युलॉइडपासून सावध राहावे. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून केलेला हा पदार्थ जुन्या चाकूंवर कासवाच्या पाठीसारख्या किंवा शिंपल्यासारख्या सुंदर रंगांत आढळतो. तो म्हातारा झाला की विघटित होऊ लागतो, त्यातून आम्लधर्मी वाफा निघतात, पाते मुठीजवळ अकस्मात गंजू लागते आणि शेजारी ठेवलेले चाकूही बिघडतात. कापराचा किंवा आंबट तिखट वास, मुठीला भेगांचे जाळे आणि जवळच्या पितळेवर हिरवटपणा ही त्याची लक्षणे होत. तो चटकन पेट घेतो, त्यामुळे उष्णतेजवळ नेऊ नये आणि असा चाकू हवा खेळती राहील अशा जागी एकटा ठेवावा. बिघाड सुरू झालेला सेल्युलॉइडचा चाकू वापरू नये, आणि बंद डब्यात तर कधीच ठेवू नये.

शिंग आणि हाड पुष्कळ टिकाऊ असतात, पण फार कोरड्या हवेत तडकतात. रिव्हेटपाशी सुरू होणारी केसासारखी भेग चालते. दोन रिव्हेटना जोडणारी भेग चालत नाही. हस्तिदंताची मूठ असेल तर वापराआधी कायद्याचा विचार करावा लागतो. आफ्रिकी हत्तीला साइट्स या, वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, करारातील सर्वांत कडक संरक्षण देण्याचा निर्णय १९८९ साली झाला, आणि हस्तिदंताची वस्तू विकणे किंवा सीमेपार नेणे बहुतेक ठिकाणी परवान्याशिवाय शक्य नसते.

मिटणारा चाकू असेल तर पाते उघडताना व मिटताना स्प्रिंगचा जोर शेवटपर्यंत जाणवला पाहिजे. उघड्या पात्याच्या पाठीवर, बोटे मिटण्याच्या मार्गातून दूर ठेवून, हलका दाब द्यावा. कुलूप असलेला चाकू या दाबाने मिटला तर तो पुन्हा कामाला घेऊ नये. पाते डावी-उजवीकडे किंचित हलणे ही वयाची खूण आहे, पण वरखाली हलणे हे कुलूप झिजल्याचे चिन्ह आहे.

निर्णय

किंमत हा निर्णयाचा एकमेव आधार मानू नये. मी स्वतःला विचारतो, की हा चाकू वापरल्याने असे काय जाईल जे पुन्हा आणता येणार नाही? एकदाही धार न लावलेला, कारखान्याची मूळ धार आणि पात्यावरची छापील नक्षी शाबूत असलेला, खोके आणि कागद सोबत असलेला चाकू वापरला की त्याचे ‘न वापरलेपण’ कायमचे जाते. असे नमुने थोडे उरले आहेत आणि पुढच्या अभ्यासकाला मूळ चाकू कसा होता हे त्यांवरूनच कळणार आहे. तो जपावा, आणि कामासाठी त्याच नमुन्याचा वापरलेला चाकू शोधावा. असे जोडीचे चाकू बहुतेक वेळा मिळतात.

याउलट, पूर्वीच्या मालकाने शंभरदा धार लावलेला, राप चढलेला, पण भेग, सैलपणा किंवा खोल गंज नसलेला आणि मोठ्या संख्येने बनलेल्या नमुन्याचा चाकू वापरल्याने काहीच गमावत नाही. तो हत्यार म्हणून बनला होता. चांगल्या जुन्या कार्बन पोलादाची धार साध्या दगडावर किती लवकर येते हे एकदा अनुभवले की असा चाकू फडताळात ठेवणे मला तरी पटत नाही.

अवघड प्रकरण मधल्या चाकूंचे असते. दुर्मिळ नमुना, थोडा वापर, मुठीला एखादी भेग. अशा वेळी घाई नसावी. सहा महिने तो तसाच ठेवावा, ठशाची छायाचित्रे एखाद्या जाणकाराला दाखवावीत आणि दुसऱ्या चाकूने काम करावे. वाट पाहिल्याने काही बिघडत नाही, धार लावल्याने मात्र मागे जाता येत नाही. घरच्या माणसाचा चाकू असेल तर त्यात आणखी एक गोष्ट मिसळते, आणि ती केवळ मालकालाच मोजता येते. आजोबांनी ज्या चाकूने काम केले तो त्याच कामी लावावा की त्यांच्या हाताने झिजलेली मूठ तशीच राहू द्यावी, यात दोन्ही उत्तरे योग्य असू शकतात. मी एवढेच सुचवेन की त्यांनी लावलेल्या धारेचा आणि मुठीचा स्पष्ट फोटो घेतल्याशिवाय त्याला दगड लावू नये.

चाकू घेऊन बाहेर फिरण्याचे नियम ठिकाणोठिकाणी वेगळे असतात. काही ठिकाणी पात्याची लांबी, काही ठिकाणी एका हाताने उघडण्याची किंवा कुलूप लागण्याची सोय, काही ठिकाणी चाकू बाळगण्याचे कारण पाहिले जाते. ‘जुना आहे’ या कारणाने सूट मिळेल असे गृहीत धरू नये आणि तो घराबाहेर नेण्याआधी आपल्या भागातला नियम वाचावा.

वापरायचे ठरल्यास

साफसफाई जेवढी कमी तेवढी बरी. खनिज तेल लावून एक दिवस ठेवावे आणि मऊ कापडाने पुसावे. तांबूस गंज उरला तर तेलासोबत पितळेच्या किंवा तांब्याच्या बोथट काठाने तो अलगद खरवडावा. हे धातू पोलादापेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. त्यानेही न निघाल्यास चार शून्यांची, म्हणजे सर्वांत बारीक, पोलादी लोकर तेलात बुडवून हलक्या हाताने आणि पात्याच्या लांबीच्या दिशेने वापरावी, परंतु ठसा व नक्षी यांपासून तिला दूर ठेवावे. करडा राप काढू नये. व्हिनेगर व इतर आम्ले गंज काढतात, पण त्यासोबत चांगले पोलादही खातात आणि टँगच्या फटीत शिरून राहतात, म्हणून ती मी वापरत नाही. पितळेच्या रिव्हेटभोवती जो हिरवा, मेणासारखा कळंक साचतो तो चामड्यातील स्निग्ध द्रव्यांनी तांब्यावर केलेल्या क्रियेचा असतो आणि लाकडी काडीने सहज निघतो.

धार हाताने आणि दगडावरच लावावी. शिकारी चाकूला प्रत्येक बाजूला सुमारे २० अंशांचा कोन योग्य असतो. तो डोळ्यांनी धरणे कठीण वाटल्यास असा हिशेब करावा: धारेपासून पाठीपर्यंत पाते २५ मिलिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण साडेआठ मिलिमीटर उचलली की २० अंश होतात. आधी धारेवर काळ्या मार्करची रेघ ओढावी. दोन-चार फेऱ्यांत शाई नेमकी कोठून निघाली ते पाहून कोन सुधारावा, आणि पूर्वीच्या मालकाचा कोन चांगला असेल तर तोच पाळावा. साधारण ४०० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या दाण्याचा क्रमांक; आकडा मोठा तितका दाणा बारीक) दगडावर एका बाजूने घासत राहिले की दुसऱ्या बाजूला खरखरीत काठ उभा राहतो. तो संपूर्ण लांबीभर बोटाला जाणवला की बाजू बदलावी, नंतर १००० च्या दगडावर हलक्या हाताने फिरवावे आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठीच्या दिशेने ओढावे. पहिल्याच वेळी दाते पूर्ण घालवण्याचा हट्ट धरू नये. दोन-तीन बारीक दाते पुढच्या धारांमध्ये आपोआप निघून जातात, आणि एका दिवसात काढायला गेल्यास पात्याची अनेक वर्षे घासली जातात.

पहिली चाचणी कागदावर, मग दोरीवर, मग मऊ लाकडाच्या ढलप्या काढण्यावर घ्यावी. प्रत्येक टप्प्यानंतर धार भिंगातून पाहावी. धार कागदावर चालली आणि लाकडावर लगेच वळली किंवा तुटली तर पोलाद मऊ अथवा ठिसूळ झाले आहे असे समजून चाकू जपण्याच्या बाजूला ठेवावा. जुन्या चाकूने लाकूड फोडू नये, त्याच्या पाठीवर हातोडी मारू नये आणि त्याचा पहारीसारखा उपयोग करू नये. लपलेला टँग नेमका अशा वेळी मुठीच्या तोंडाशी तुटतो.

मांस कापण्यासाठी वापरायचा असेल तर मुठीच्या फटी हा आरोग्याचा प्रश्न ठरतो. चामड्याच्या चकत्या रक्त शोषतात आणि तेथे ते धुऊन निघत नाही, त्यामुळे अशा मुठीचा चाकू मी सोलण्याच्या कामी लावत नाही, दोरी आणि लाकूड यांपुरताच ठेवतो. ज्याची मूठ घट्ट आहे तो काम झाल्यावर लगेच कोमट साबणाच्या पाण्याने हातात धरून धुवावा, बुडवून ठेवू नये, भांडी धुण्याच्या यंत्रात कधीही घालू नये, लगोलग पुसून कोरडा करावा आणि पात्याला खाद्योपयोगी खनिज तेलाचा पातळ हात द्यावा. स्वयंपाकाची तेले काही आठवड्यांत खवट व चिकट होतात, म्हणून त्यांनी पाते मढवू नये. लाकडी मुठीला जवसाचे तेल लावल्यास तेलाचे बोळे पसरून वाळवावेत, कारण गुंडाळून ठेवलेला असा बोळा आपोआप पेटू शकतो.

जपायचे ठरल्यास

येथे करायचे काम थोडे आहे. सैल धूळ पुसावी, सक्रिय तांबूस गंज तेवढा तेलाने थांबवावा आणि पात्यावर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा अतिशय पातळ थर द्यावा. संग्रहालयांत वापरले जाणारे असे मेण १९५० च्या दशकात ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत तयार झाले आणि ते तेलासारखे धूळ धरत नाही. पाते हाताळताना सुती हातमोजे घालावेत, कारण घामातील क्षारांनी उमटलेला बोटाचा ठसा काही दिवसांत गंजाच्या रेषांत उमटतो.

चाकू म्यानात कधीही साठवू नये. कमावलेल्या चामड्यात आम्ले व क्षार राहतात, ते हवेतील ओल ओढते आणि पाते जेथे जेथे चामड्याला टेकते तेथे गंज धरतो. जपायच्या चाकूला हे जसे लागू आहे तसेच रोज वापरायच्या चाकूलाही. म्यान शेजारी ठेवावे, त्याचा आकार टिकावा म्हणून आत आम्लरहित कागद भरावा, आणि त्याची पृष्ठभागावरची पूड हाताला लाल-तपकिरी लागत असेल तर तेल लावण्याच्या भानगडीत पडू नये. ते चामडे आतून मोडलेले असते आणि तेलाने काळे पडून अधिकच खचते. चाकूसोबत एक चिठ्ठी ठेवावी आणि तिच्यावर तो कोणाकडून, केव्हा मिळाला, मोजमापे काय होती, ठशावरून काय ठरले आणि आपण त्यावर नेमके काय केले, अगदी कोणते मेण कोणत्या तारखेला लावले तेही, पेन्सिलीने लिहावे.